अंधार बघून घेतलेलं घर

घरं दाखवण्याच्या धंद्यात मला बावीस वर्षं झाली. लोक काय वाटेल ते विचारतात. नळाला पाणी किती वेळ असतं, वरच्या मजल्यावरचे लोक खुर्च्या ओढतात का, आधीचे भाडेकरू का गेले, शेजारीण कशी आहे. मी सगळ्यांना उत्तरं देतो, काही खरी, काही धंद्यातली. पण ‘तिथे अंधार कसा आहे?’ असं विचारणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. घर पाहावं बांधून नि लग्न पाहावं करून म्हणतात. ज्याने कुणी ही म्हण काढली, त्याला आमच्या भावजींसाठी घर शोधावं लागलं नव्हतं, एवढं नक्की.

भावजी चष्म्याच्या दुकानात कामाला होते. पुढच्या काचेच्या काउंटरवर नव्हे, मागच्या खोलीत. दुकानाचा पुढचा भाग दिव्यांनी लखलखायचा आणि मागे या माणसाची जेमतेम आठ पावलांची खोली, खिडकीशिवाय. तिथे निळा अ‍ॅप्रन घालून, नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून ते भिंगं घासायचे. गोल भिंग यंत्रावर धरायचं, फ्रेमच्या मापाला आणायचं, कड बोटाने तपासायची, पुन्हा धरायचं. पस्तीस वर्षांत अर्ध्या शहराला त्यांनी नीट बघायला लावलं आणि त्यातल्या एकानेही त्यांना बघितलं नाही. त्याचं त्यांना काही वाटत नसे. उलट बरंच वाटत असावं, कारण माणूस कमालीचा अबोल. दिवसाला दहा वाक्यं, त्यातली चार नुसती ‘बरं’. लग्न ठरलं तेव्हा आमच्या आईने ताईला बाजूला घेऊन विचारलं होतं, “अगं, मुका तर नाही ना?” ताई म्हणाली, “नाही. परवा दोनदा बोलले.”

या माणसाचं खरं आयुष्य रात्री सुरू व्हायचं, गच्चीवर. दुर्बीण त्यांची स्वतःची, म्हणजे स्वतः बनवलेली. तिच्या तळाशी जो आठ इंची आरसा असतो तोही त्यांनी हाताने घासला होता. एका पिंपावर काचेची जाड तबकडी ठेवायची, वर दुसरी, मध्ये पाणी आणि बारीक कुरुंदाची पूड, आणि घासत घासत पिंपाभोवती फिरत राहायचं. हे आठ महिने चाललं. ताई म्हणायची, “माझ्याभोवती कधी एवढ्या घिरट्या घातल्या नाहीत.” दुर्बीण तयार झाल्यावर बाहेरून ती पाण्याच्या बंबासारखी दिसायला लागली, आणि बघणारा प्रत्येक जण तेच विचारायचा.

ताईचं उलटं. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये होती. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या माणसांची रांग साडेपाचलाच लागते, त्यामुळे ती चारला उठायची आणि रात्री नऊला तिचे डोळे मिटायला लागायचे. भावजी गच्चीवरून दीड-दोनला खाली यायचे. म्हणजे ती झोपली की हे वर, हे झोपले की ती उठणार. पाळीवरच्या कामगारांसारखे एकाच अंथरुणाचे दोन मालक. मी त्यांना तोंडावर घुबड आणि कोंबडा म्हणायचो. ताई हसायची. भावजी म्हणायचे, “बरं.”

मग शहराला उजेडाचं वेड लागलं. रस्त्यावरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे आले, समोर गाड्यांचं मोठं दुकान झालं आणि त्याची पाटी रात्रभर गच्चीवर निळी-लाल होत राहिली. भावजींची एक परीक्षा होती. सप्तर्षी सगळ्यांना माहीत असतात. त्यातले चार तारे मिळून एक चौकोन होतो. त्या चौकोनाच्या आत नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात, ते मोजायचं. लग्न झालं त्या वर्षी त्यांच्या गच्चीवरून दोन दिसायचे. मग एक. मग एकही नाही. निवृत्त झाले त्या महिन्यात खुद्द सप्तर्षीच हुडकावे लागत होते.

निवृत्तीनंतर दोघे आमच्याकडे जेवायला आले असताना भावजींनी ताटावरून मान वर केली आणि म्हणाले, “मला आता अंधारात राहायचं आहे.”

माझ्या बायकोच्या हातातला डाव तसाच थांबला. मी ताईकडे बघितलं. नोकरी सुटल्यावर माणसं खचतात, हे ऐकून होतो. ताईच म्हणाली, “अरे, घाबरू नकोस. गावाबाहेर घर घ्यायचं म्हणतायत. ताऱ्यांसाठी.” आणि मग सगळ्यांदेखत तिने अट घातली. “सहा महिने. तेही भाड्याने. पटलं तर ते विकत घ्यायचं आणि इथलं आमचं विकायचं. दोघांपैकी एकाचंही मन लागलं नाही, तर मुकाट्याने परत यायचं.”

भावजी म्हणाले, “बरं.”

मी हसलो, पण मला काही ते रुचलं नव्हतं. ताई माझ्यापासून दहा मिनिटांवर राहायची. माझं बायकोशी वाजलं, गिऱ्हाइकाशी वाजलं, कुणाशीच वाजलं नाही, तरी मी संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसायचो. आता तिला लांब घालवायचं घर मीच शोधायचं होतं. धंदा म्हणजे धंदा.

भावजींनी एक वही केली होती. बोलायचं नसलं की माणूस लिहितो. त्या वहीत लिहिलं होतं की गाव आपल्या उत्तरेला हवं, म्हणजे गावाचा उजेड पाठीमागे पडतो आणि दक्षिणेचं आभाळ काळं राहतं. अंगणात फरशी नको, गवत हवं, कारण दिवसभर तापलेली फरशी रात्री वाफा सोडते आणि दुर्बिणीत तारे थरथरतात. नदी जवळ नको, धुकं येतं. उंच झाडं पूर्वेला नकोत, दक्षिणेला तर मुळीच नकोत. आणि सगळ्यात शेवटी, खाली रेघ मारून: शेजारी भित्रा नको.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला चौथ्या घरी कळला. घर सुरेख होतं, पण शेजारच्या म्हाताऱ्याने चोरांच्या धास्तीने घराच्या चारी कोपऱ्यांना चार मोठे दिवे लावले होते. सहाव्या घराच्या मालकाने आम्हालाच चोर ठरवलं. त्याचंही बरोबर होतं म्हणा. माणसं दिवसाउजेडी घर बघतात. आम्ही जायचो अमावस्येच्या रात्री, टॉर्चवर लाल कागद बांधून, आणि घरात न शिरता परसात सतरंजी टाकून उताणे पडायचो. तो काठी घेऊन बाहेर आला तेव्हा भावजी म्हणाले, “तीन.” तारे मोजत होते. त्याला वाटलं, आम्ही तिघे आहोत आणि एक जण मागे लपलाय. मला पळता भुई थोडी झाली.

माझ्या तोंडात तर सवयीने तेच यायचं. “भरपूर उजेडाचं घर आहे, भावजी!” असं म्हणून मी जीभ चावायचो. अकराव्या घरी मी वैतागून म्हणालो, “तुम्हाला विहिरीत एखादी खोली काढून देऊ का?” त्यांनी खरंच क्षणभर विचार केला. म्हणाले, “आभाळ फार थोडं दिसेल.”

सतरावं घर मात्र मनासारखं मिळालं. एका लहानशा गावाच्या दक्षिण टोकाला, माझ्यापासून दोन तासांवर. बैठं, तीन खोल्यांचं, स्वयंपाकघराचं दार थेट परसात उघडणारं. परसात गवत. कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे दक्षिणेला लांबवर नुसतं शेत.

“शेजारी कोण?” भावजींनी विचारलं.

“कोणी नाही. फुलांची शेती आहे,” मी छाती फुगवून म्हणालो. “शेवंती. आता फुलं काय रात्री दिवे लावणार आहेत?”

भावजी चक्क हसले. पण त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांतल्या तीन अमावस्या त्यांनी त्या परसात काढल्या. सप्तर्षींच्या चौकोनात पाच तारे दिसले. पाचवा खट्याळ होता. सरळ बघितलं की गायब, जरा बाजूला बघितलं की हजर. तिसऱ्या रात्री त्यांनी वहीत ‘पाच’ लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि मला म्हणाले, “हे.” ताईने घर दिवसा जाऊन बघितलं, गावातल्या दवाखान्यात चौकशी केली, तिथल्या डॉक्टरीणबाईंना घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं रक्त काढणारं माणूस हवंच होतं. सगळं जुळलं. सामान हलवताना हमालाने विचारलं, “हा बंब कुठे ठेवू?” जुन्या घराची किल्ली ताईने माझ्या हातात ठेवली. मी ती खिशात घालून घरी आलो आणि दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

पहिले तीन महिने ढगांतच गेले. मग आभाळ निवळलं. दिवस लहान व्हायला लागले, हवा कोरडी झाली. ज्या दिवसांसाठी हा सगळा खटाटोप, ते आले. आणि एका रात्री सव्वादहाला माझा फोन वाजला.

“दिवे लागले,” भावजी म्हणाले.

“कुठे?”

“फुलांना.”

मला वाटलं, माणूस भ्रमिष्ट झाला. दुसऱ्या दिवशी कामं टाकून गेलो आणि रात्री डोळ्यांनी बघितलं. दहाच्या ठोक्याला सगळं शेत पेटलं. वाफ्यावाफ्यावर तारा ताणलेल्या, त्यांना दर चार हातांवर एक बल्ब, असे शेकडो. परसातलं गवताचं पातंन्‌पातं मोजून घ्यावं इतका उजेड. शहरातला एक दुकानदार नको म्हणून आलो आणि इथे सगळा बाजारच उघडला! आगीतून उठून फुफाट्यात. ताई दारात उभी होती. मला म्हणाली, “चांगले दिवे लावलेस हो.” हसून म्हणाली, पण मी शरमेने चूर झालो.

आमची चूक साधी होती आणि ती आमच्यासारख्या अतिशहाण्यांनीच करावी अशी. तीन रात्री जागून बघितलं, पण तिन्ही उन्हाळ्यातल्या. शेजाऱ्याला एकदा दिवसा जाऊन ‘तुम्ही काय करता हो?’ एवढं विचारायचं कुणालाच सुचलं नाही. भावजी बोलत नाहीत म्हणून, आणि मी फार बोलतो म्हणून.

माझा राग नाकावर असतो. सकाळी मी एकटाच तरातरा शेतावर गेलो. शेताच्या मालकीण, फुलवाल्या बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून रोपांचे शेंडे खुडत होत्या. पन्नाशीच्या, रुंद हाताच्या. मी बरंच काही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुडणं न थांबवता.

“झालं?” त्या म्हणाल्या. “आता माझं ऐका, दादा. शेवंतीला रात्र मोजता येते. रात्र मोठी झाली की ती कळ्या धरते. आत्ता धरल्या तर दांडा राहील वीतभर, तो कोण घेणार? म्हणून रात्रीच्या मधे दिवे लावून रात्र मोडायची. तिला वाटतं, दिवस अजून मोठेच आहेत. ती वाढत राहते.”

“म्हणजे फसवायचंच की!”

“तुम्ही घरं दाखवता ना? मग तुम्हाला मी काय समजावणार!”

मग त्यांनीच विचारलं, “पण तुमच्या पाहुण्यांना अंधार हवा कशाला?” मी सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा हात थांबवले. “ताऱ्यांसाठी घर बदललं? बायकोनं येऊ दिलं?” आणि मग म्हणाल्या, “हे वाफे झाले की पुढचे, अशी थंडी सरेपर्यंत रोज लागणार. दहा ते दोन. त्याच्याआधी लावून भागत नाही, रात्र मधूनच मोडावी लागते. पण दोनला घड्याळावर आपोआप बंद होतात. दोननंतरचं आभाळ तुमचं, त्याला मी हात लावत नाही.”

भावजींनी हे ऐकून घेतलं आणि कामाला लागले. तेलाचे रिकामे डबे कापून त्यांनी बल्बला टोप्या केल्या, म्हणजे उजेड वर न जाता खाली रोपांवर पडावा. पंधरा दिवसांत भिंतीलगतच्या तीन रांगांना टोप्या बसल्या. फुलवाल्या बाई खूश झाल्या, कारण त्यांच्या रोपांना उजेड जास्त मिळायला लागला. आभाळ काही पुरतं काळं झालं नाही. तेव्हा या माणसाने आयुष्यभराची रीत मोडली. नऊला झोपायचं आणि दोनला उठायचं. घुबड कोंबड्याच्या वेळेला झोपायला लागलं, हे ताईने फोनवर सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. “मग तू?” मी विचारलं. “मीही उठते रे, यांच्याबरोबर,” ती म्हणाली. “एकटे कसे थंडीत उभे राहतील?”

मला तिची दया आली. आधी चारला उठायची, आता दोनला. मनात म्हटलं, हे काही टिकत नाही.

सहावा महिना लागला. जुन्या घराला एक चांगलं गिऱ्हाईक मिळालं होतं, पण ते थांबायला तयार नव्हतं. मी ताईला कळवणार, तेवढ्यात भावजींचाच फोन आला. भर दुपारी. हा माणूस आपण होऊन फोन करतो म्हणजे काहीतरी घडलंय, हे मी ओळखलं.

“घर विकू नकोस,” ते म्हणाले. “आम्ही परत येतो.”

“का? ताई काही म्हणाली?”

“ती काय म्हणणार?” ते म्हणाले. “आज दवाखान्यातून आली आणि टेबलावर डोकं ठेवून झोपली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. माझ्यापायी उठते रे ती. तिला मी अजून सांगितलं नाही. तू ये, मग सांगू.”

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. माझी ताई परत दहा मिनिटांवर येणार, स्टूल तिथेच आहे, असा आनंद. भावजींबद्दल वाईट वाटलं, पण ते नंतर. मी गिऱ्हाइकाला नाही म्हणून टाकलं आणि किल्ली घेऊन शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. जेवताना भावजींनी विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. नऊला दोघेही झोपायला गेले. मी बाहेरच्या खोलीत पडलो. पडद्यातून फुलांचा उजेड येत होता, मला तर त्यात छान झोप लागली.

जाग आली ती कुणाच्या तरी बोलण्याने. खोलीत काळोख होता. घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं. परसातून पुरुषाचा आवाज येत होता, संथ, न थांबता. मला वाटलं, एवढ्या रात्री कोण पाहुणा आला? अंगावर पांघरूण घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर चहाचं भांडं अजून गरम होतं. दार अर्धवट उघडं होतं, आणि बोलत होते ते भावजी.

“…तो उजेड तिथून निघाला त्याला ऐंशी वर्षं झाली. तेव्हा तुझ्या आईचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. आणि एक गंमत सांगू? दुकानात एकदा एक आजीबाई आल्या होत्या, मी नवीन होतो तेव्हा. चष्मा घातला आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, ‘अगं, तू तर म्हातारी झालीस!’ मी मागच्या खोलीत तोंडात रुमाल कोंबून हसलो. मालक ओरडतील म्हणून. घरी येऊन तुला सांगायचं ठरवलं होतं, पण तू झोपली होतीस. मग राहूनच गेलं…”

ताई हसत होती. ते हसू मी लहानपणापासून ओळखतो, पण कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी दारातच उभा राहिलो. मग शिंक आली आणि सगळं उघडं पडलं.

“ये की बाहेर,” ताई म्हणाली. “चोरासारखा काय उभा आहेस?”

दोघे खुर्च्यांवर बसले होते, गुडघ्यांवर एकच रजई. फुलांचं शेत काळंभोर पडलं होतं. आणि वर… मी काही त्यातला नाही, पण वर बघून माझं तोंड उघडंच राहिलं. इतके तारे की आधी ओळखीचा एकही सापडेना. भावजींनी बोट दाखवलं तेव्हा उत्तरेच्या अंगाला सप्तर्षी दिसले, वर चढत असलेले.

त्या अंधाराने मला धीर आला असावा. किंवा तोंड बंद ठेवता येत नाही, हेच खरं. मी म्हणालो, “मग भावजी, सांगितलंत का हिला?”

“काय?” ताईने विचारलं.

भावजी म्हणाले, “परत जाऊ या. मी याला घर विकू नकोस म्हणून सांगितलंय. तुझे हाल होतायत. त्या दिवशी टेबलावर झोपलीस…”

“मग दुपारी झोपू नको?” ताईचा आवाज चढला. “साठीला टेकले मी! दुपारी डुलकी लागली तर लगेच गाव सोडायचं? आणि मला न विचारता?”

“तू माझ्यासाठी उठतेस.”

“पहिला आठवडा तुमच्यासाठीच उठले. मग कळलं की गजर व्हायच्या आधीच मला जाग येते. चहा कोण ठेवतं? तुम्ही उठायच्या पंधरा मिनिटं आधीच मी इथे येऊन दिवे बंद व्हायची वाट बघत असते. कधी लक्ष दिलंत?” मग ती माझ्याकडे वळली. “आणि तू रे! अट दोघांची होती ना? एकाचंही मन लागलं नाही तर परत यायचं, अशी. माझं लागलंय. यांना विचार यांचं लागलंय का.”

मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. भावजींनी रजई नीट करायच्या निमित्ताने मान खाली घातली होती आणि बराच वेळ ती नीट करत राहिले.

“मोजा आता,” ताई त्यांना म्हणाली. “आज चौकोनात किती?”

“चार,” भावजी म्हणाले.

“सहा,” ताई म्हणाली. “पाचवा तो तुमचा लबाड, आणि त्याच्या खाली अजून एक आहे.” तीस वर्षं लोकांच्या हातातल्या न दिसणाऱ्या शिरा शोधलेली नजर ती. भावजींनी खिशातून वही काढली, लाल टॉर्च लावला आणि मुकाट्याने ‘सहा’ लिहिलं. मला एकही दिसला नाही. माझा नंबर वाढलाय, असं दोघांनी एका सुरात सांगितलं.

सकाळी ताई मला बसपर्यंत सोडायला आली. वाटेत फुलवाल्या बाईंनी तिला भिंतीवरून हाक मारली, दोघी काहीतरी बोलून हसल्या. या सहा महिन्यांत तिला इथे माणसं मिळाली होती. मी किल्ली तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, “माझ्याकडे कशाला? ते घर विकायचंय ना? त्या गिऱ्हाइकाला परत गाठ.” मी किल्ली पुन्हा खिशात घातली. मला वाईट वाटत होतं, ते मी लपवलंही नाही. मी तिला विचारलं, “खरं सांग ताई. तुला एवढे आवडतात तारे?”

तिने आधी आजूबाजूला बघितलं, मग माझ्याकडे.

“तारे बरे आहेत,” ती म्हणाली. “पण हा माणूस अंधारात बोलतो रे.”